जादूच्या शाळेतले दहा गुण

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय आणि अट एका दमात सांगून टाकली. विषय हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक. अट अशी, की समीक्षेची भाषा नको, घरातल्या आजीलाही कळलं पाहिजे. आजीची मला काळजी नाही. श्रावणात नवनाथ भक्तिसाराचं पारायण करणाऱ्या बाईला मंत्रविद्या शिकणाऱ्या पोराची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही. काळजी वाटते ती शिकल्यासवरलेल्या मंडळींची. पुस्तक न उघडताच त्यांची मतं तयार असतात: हे नुसते मंत्र आणि झाडू, हे विलायती आहे, आपल्या भागातल्या लेकरांना काय कळणार, आणि यातून अंधश्रद्धा वाढते. बालसाहित्य हा माझा अभ्यासाचा विषय. परळीत राहून तो शिकवताना ही तीन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत, की आता त्यांचा शीण येतो.

तरी लिहायला बसलो त्याला कारण वेगळं आहे. गेल्या उन्हाळ्यात परळीजवळच्या एका गावात वाचन शिबिर होतं. तिथे ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आम्ही मोठ्याने वाचून संपवलं. शेवटचं प्रकरण झालं तशी सातवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. ‘सर, हेडसरांनी ऐन टायमाला मार्क वाढवून दिले. ही तर पार्शलिटी झाली. मंग त्या दुसऱ्या पोरांनी वर्षभर कमावलेले मार्क वाया गेले का?’ निम्मा वर्ग तिच्या बाजूने झाला. मी जे उत्तर दिलं त्याने तिचं समाधान झालं नाही, आणि तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे. त्याकडे येतोच, पण आधी पुस्तकाची बांधणी पाहायला हवी, नाहीतर त्या गुणांचा हिशेब लागत नाही.

जादूची शाळा ही कल्पना जे. के. रोलिंग यांची नव्हे. 1997 साली लंडनच्या ब्लूम्सबरीने हे पुस्तक काढलं, तेही बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवल्यावर, आणि पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त 500 होत्या. त्याआधी 1968 साली अर्सुला ले ग्विन यांनी ‘अर्थसी’च्या कादंबरीत रोक बेटावर जादूगारांची शाळा उभी केली होती, आणि 1974 साली जिल मर्फी यांनी चेटूक शिकणाऱ्या एका धांदरट मुलीची शाळा लिहिली होती. वसतिगृहातल्या मुलांची कादंबरी हा इंग्रजीतला आणखी जुना प्रकार. टॉम ब्राउनची शाळा 1857 सालची आहे.

आपल्याकडे तर मंत्रविद्येचा विद्यार्थी घरोघरी ठाऊक आहे. धुंडिसुत मालूंच्या नवनाथ भक्तिसारात गोरक्षनाथ संजीवनी मंत्र पाठ करत बसलेला असतो. गावातली पोरं चिखलाची गाडी करतात आणि गाडी हाकायला माणूस करून दे म्हणून त्याच्या मागे लागतात. तोंडात मंत्र, हातात चिखल. पुतळा पुरा होतो आणि जिवंत होऊन रडू लागतो. तोच गहिनीनाथ. पुढे निवृत्तीनाथांचा गुरू झालेल्या या नाथाचा गड आपल्याच बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात आहे. धडा पाठ करताना लक्ष दुसरीकडे गेलं आणि विद्या भलतीकडेच लागू पडली, ही घटना हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेतल्या कुठल्याही तासाला शोभेल अशी आहे.

फरक आहे तो शाळेचा. नाथांकडे एक गुरू, एक शिष्य, आणि शिष्याची निष्ठा हीच परीक्षा. हॉगवर्ट्समध्ये वेळापत्रक आहे, दर विषयाला वेगळा शिक्षक आहे, गृहपाठ आहे, वार्षिक परीक्षा आहे. तिथे गुरू अनेक असल्यामुळे कोणावर विश्वास ठेवायचा हे मुलालाच ठरवावं लागतं. टाकून बोलणारे स्नेपसर प्रत्यक्षात हॅरीचा जीव वाचवत असतात, आणि बोलताना अडखळणारे, गरीब वाटणारे क्विरलसर त्याच्या जिवावर उठलेले असतात. मुलांच्या पुस्तकात शिक्षकांना पारखायला शिकवणं हे धाडस आहे, आणि त्याचं श्रेय रोलिंगबाईंना द्यायलाच हवं.

आता थोडं तांत्रिक बोलतो. ही कादंबरी वरून जादूची दिसली तरी तिचा सांगाडा रहस्यकथेचा आहे. रहस्यकथेत लेखकाने खुणा लपवायच्या नसतात, उघड्यावर ठेवून वाचकाचं लक्ष दुसरीकडे न्यायचं असतं. परीस बनवणाऱ्या निकोलस फ्लामेलचं नाव हॅरी, रॉन आणि हर्मायनी ही तिन्ही पोरं ग्रंथालय पालथं घालून शोधतात. ते सहाव्या प्रकरणातच, चॉकलेटच्या पुडीत निघालेल्या चित्राच्या मागे छापलेलं असतं. त्याहून बारीक खूण पाचव्या प्रकरणात आहे. लंडनच्या खानावळीत क्विरल हॅरीचा हात हातात घेतात आणि काहीही होत नाही. शेवटच्या प्रकरणात त्याच माणसाचे हात हॅरीच्या कातडीला लागताच भाजून निघतात. ही चूक नाही. परीस बँकेतून पळवण्याचा प्रयत्न फसतो त्याच दिवशी, हात मिळवल्यानंतर, आणि मग क्विरल ज्याच्यासाठी काम करतो तो दुष्ट मांत्रिक त्याच्यावर जवळून नजर ठेवायला त्याच्या डोक्यात ठाण मांडतो. पुस्तक पुन्हा वाचणाऱ्यालाच हे सापडतं, आणि लहान मुलं आवडतं पुस्तक पुन्हा वाचतातच.

दुसरी गोष्ट तळघराची. परीस ठेवला आहे तिथपर्यंत सात अडथळे आहेत आणि प्रत्येक अडथळा शाळेतल्या एकेका माणसाने लावलेला आहे. हॅग्रिडचा तीन तोंडांचा कुत्रा, वनस्पतीच्या बाईंची आवळणारी वेल, मंत्रांच्या सरांच्या उडत्या किल्ल्या, मॅकगोनागलबाईंचा बुद्धिबळाचा पट, क्विरलचा राक्षस, स्नेपसरांच्या बाटल्यांचं कोडं, आणि सर्वांत शेवटी मुख्याध्यापक डंबलडोर यांचा आरसा. वर्गातली लेखी परीक्षा नुकतीच संपलेली असते आणि लगेच ही दुसरी, खरी प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होते. वेलीचं उत्तर हर्मायनीकडे, किल्लीचं हॅरीकडे, पटाचं रॉनकडे, बाटल्यांचं पुन्हा हर्मायनीकडे. बाटल्यांच्या कोड्यात तर मंत्र लागतच नाही, निव्वळ तर्क लागतो. नुसते मंत्र आणि झाडू म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण तरी वाचावं.

आता गुणांचा हिशेब. शाळेतली मुलं चार घरांत विभागलेली असतात, हॅरी आणि त्याचे मित्र ग्रिफिंडॉरचे. वर्षाअखेरच्या जेवणाला या चार घरांचे गुण वाचले जातात. ग्रिफिंडॉर 312, हफलपफ 352, रेव्हनक्लॉ 426, स्लिदरिन 472. सलग सातव्या वर्षी जिंकलेल्या स्लिदरिनच्या हिरव्या-रुपेरी रंगात सगळं सभागृह सजलेलं आहे. मग डंबलडोर उठतात आणि रॉनला बुद्धिबळासाठी 50, हर्मायनीला तर्कासाठी 50, हॅरीला धैर्यासाठी 60 गुण देतात. 312 अधिक 160 म्हणजे 472. बरोबरी. आणि मग शेवटचे 10, त्यांच्याच घरातल्या नेव्हिलला.

लेखिकेने 312 हा आकडा उगीच घेतलेला नाही. बरोबरीपर्यंत नायक आणि त्याचे मित्र नेऊ शकतात, त्यापुढे नाही. निर्णय लागतो तो बेडूक हरवणाऱ्या, आजीने वाढवलेल्या, वर्गात कोणी विचारत नसलेल्या पोराच्या दहा गुणांनी. अभ्यासकसुद्धा इथे एक दुवा विसरतात. काही महिन्यांपूर्वी रात्री बाहेर सापडले म्हणून हॅरी, हर्मायनी आणि नेव्हिल यांचे प्रत्येकी 50 गुण कापलेले असतात. नेव्हिल बाहेर पडलेला असतो तो हॅरीला सावध करायला, स्लिदरिनचा मॅलफॉय तुला पकडून देणार आहे हे सांगायला. म्हणजे मित्रांसाठी धावला तेव्हा त्याचे पन्नास गेले, आणि तेच मित्र पुन्हा रात्री बाहेर निघाले तेव्हा दारात आडवा उभा राहिला म्हणून दहा मिळाले. शत्रूसमोर उभं राहण्याइतकंच मित्रासमोर उभं राहायला धैर्य लागतं, असं डंबलडोर म्हणतात. मॅकगोनागलबाईंनी शिस्तीचे 150 कापले होते, डंबलडोर यांनी हिमतीचे 170 दिले. हा वाढीव गुणांचा प्रकार नाही, आधी लागलेल्या निकालाची फेरतपासणी आहे.

एवढं मी त्या मुलीला सांगितलं होतं. तिने शांतपणे विचारलं, ‘मंग आधीच का नाही दिले? सजावट झाल्यावर का?’

इथे मी अडतो. तळघरातला प्रकार परीक्षेनंतरचा, हॅरी त्यानंतर तीन दिवस बेशुद्ध, म्हणून गुण उशिरा द्यावे लागले हे खरं. पण ते सजावटीआधी जाहीर करता आले असते. जेवणाच्या ताटावर बसलेल्या, टाळ्या वाजवणाऱ्या शंभर पोरांच्या डोक्यावरचे झेंडे टाळी वाजवून लाल-सोनेरी करणं, हे न्यायात बसत नाही. स्लिदरिनच्या पहिलीतल्या पोराने काय गुन्हा केला होता? ग्रेस मार्कांच्या, खेळाच्या सवलतीच्या आणि कॉपीच्या गोष्टी ऐकतच आपल्याकडची पोरं वाढतात. हक्काचा गुण जाणं म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. माझं मत विचाराल तर दहा गुण बरोबर, वेळ चूक. ज्या समीक्षकांनी सगळा शेवटच पक्षपाती ठरवला त्यांच्याशी मी भांडेन, पण या मुलीशी नाही.

विलायती म्हणून कळणार नाही, या मताबद्दल एकच सांगतो. परळीच्या वैद्यनाथाची कथा इथल्या प्रत्येक लेकराला माहीत असते. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी विष्णूने या लिंगात लपवले. दानव हात लावायला गेले तर लिंगातून ज्वाळा निघाल्या, भक्तांनी स्पर्श केला तर अमृत पाझरलं. म्हणून इथे आजही कोणीही लिंगाला हात लावून दर्शन घेतो. ही कथा ऐकून वाढलेल्या पोरांना क्विरलचे हात का पोळले हे सांगावं लागलं नाही. ज्याला परीस फक्त शोधायचा आहे, वापरायचा नाही, त्यालाच तो मिळेल, ही आरशाची अटही त्यांना लगेच पटली. त्यांना धक्का बसला तो पुढे, परीस नष्ट केला जातो आणि त्याच परिसातून मिळणाऱ्या अमृतावर सहा शतकं जगलेला फ्लामेल मरायला तयार होतो तिथे. अमृत हाताशी असून ते नाकारणारा माणूस त्यांना नवा होता. त्यावर वर्ग बराच वेळ बोलत राहिला.

आणि तो आरसा. नाताळच्या सुट्टीत हॅरीला रिकाम्या खोलीत तो सापडतो. त्यात माणसाला त्याची सर्वांत खोल इच्छा दिसते. रॉनला तो स्वतः खेळाचा कप्तान झालेला दिसतो, हॅरीला त्याचे मेलेले आईवडील दिसतात. तो रोज रात्री तिथे जाऊन बसतो. शेवटी डंबलडोर सांगतात, की या आरशापुढे बसून माणसं झिजून गेली आहेत, आणि आरसा हलवतात. सगळ्या मंत्रांच्या पुस्तकात मेलेली आई परत आणणारा मंत्र नाही. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जोडीने कोयता असतो, आणि मागे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात लेकरं राहतात. हे प्रकरण वाचताना अशी पोरं वर्गात होती. कोणी रडलं नाही. एका मुलाने एवढंच विचारलं, की आरसा हलवला तर हॅरीला राग आला नाही का. हॅरीला आईवडिलांना पुन्हा पाहायचं होतं, आणि ते सुख आरशात मिळणार नाही हे त्याला कोणीतरी प्रेमाने सांगितलं, असं मी म्हणालो. तो ‘बरं’ म्हणाला.

अंधश्रद्धेच्या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. 2013 साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच वर्षी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्या लढ्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे ठामपणे लिहितो. भोंदू माणूस गेलेलं परत आणून देतो म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. ही कादंबरी मुलाला सांगते, की जादू येत असली तरी गेलेलं परत येत नाही. कल्पित आणि खरं यांतली रेघ लहान मुलांना चांगली दिसते. गोष्टी ऐकून वाढलेल्या मुलाला फसवणं अवघड जातं, असा माझा अनुभव आहे.

भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने हे पुस्तक मराठीत आणलं आहे, तेव्हा भाषेची सबब उरत नाही. शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. शाळेच्या ग्रंथालयाचं कपाट कुलपात असेल तर ते उघडा, आणि या सुट्टीत रोज एक प्रकरण मोठ्याने वाचा. सतराच प्रकरणं आहेत. टोळ्या गेल्यावर मागे राहिलेल्या पोरांनाही त्या बैठकीला बोलवा. शेवटी गुणांवरून वाद होईल, तो होऊ द्या. आपलं उत्तर लगेच सांगू नका.