शेजार

बुडापेस्टच्या कडेला किश्पेश्त ही कष्टकऱ्यांची वस्ती. तिथे फेरेन्त्स पुश्काश आणि योझेफ बोझिक ही दोन पोरं भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत वाढली. एकानं भिंतीवर टकटक केली की दुसऱ्यानं निघायचं, फुटबॉल खेळायला. पुश्काशच्या गोलांविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्याच्या साऱ्या खेळाचं मूळ या शेजारात दिसतं. सोबती कुठे असेल, हे न पाहताही ओळखण्याची त्याची सवय इथलीच.

२५ नोव्हेंबर १९५३ चा वेम्ब्लीवरचा त्याचा तो गोल मी कितीदा तरी पाहिला आहे आणि अजून मन भरत नाही. चेंडू गोलच्या उजव्या बाजूला त्याच्या पायाशी येतो. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट तो काढून घ्यायला घसरत येतो. पुश्काश डाव्या बुटाच्या तळव्यानं चेंडू अलगद मागे ओढतो. राइट रिकाम्या गवतावरून पुढे निघून जातो आणि त्याच डाव्या पायानं मारलेला चेंडू जाळीत शिरतो. हंगेरीनं सामना ६-३ असा जिंकला. सहांतले दोन गोल पुश्काशचे, एक बोझिकचा.

१९५६ च्या ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. तेव्हा पुश्काश आणि बोझिक यांचा होनवेद संघ युरोपियन चषकासाठी देशाबाहेर पडला होता. परतायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. बोझिक परतला. पुश्काश परतला नाही.

मग बंदी आली, सामन्यांविना दिवस गेले, अंग सुटलं. १९५८ मध्ये रेआल माद्रिदनं त्याला घेतलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. संघात आल्फ्रेदो दि स्तेफानोचा शब्द चालत होता. हंगेरीचं कर्णधारपद भूषवलेल्या माणसानं इथे मानासाठी भांडण मांडलं नाही; त्यानं पुन्हा शेजार जोडला. १८ मे १९६० रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर, सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, रेआलनं युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात आइनट्राख्ट फ्रँकफुर्टला ७-३ असं हरवलं. चार गोल पुश्काशचे, तीन दि स्तेफानोचे. स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान पुश्काशनं चारदा मिळवला.

हंगेरीसाठी ८५ सामन्यांत त्याचे ८४ गोल आहेत. १९६२ च्या विश्वचषकात तो स्पेनकडून खेळला. स्पेनसाठीच्या चार सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल नाही. वय झालं होतं, हे खरंच. तरी हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की वाटतं, माणसाला नवा संघ लाभतो, नवे सोबतीही लाभतात. देश मात्र तितक्या सहज लाभत नाही.

१९८१ मध्ये, पाव शतकानंतर, तो बुडापेस्टला आला. बोझिक त्याआधीच, १९७८ मध्ये, गेला होता. आज राष्ट्रीय मैदानाला पुश्काशचं नाव आहे आणि किश्पेश्तच्या मैदानाला बोझिकचं. परमुलखात नाव काढणाऱ्यांचं आपण तोंड भरून कौतुक करतो, आणि करावंच. पण माद्रिदनं ज्याला डोक्यावर घेतलं, तो खेळाडू किश्पेश्तमध्ये घडला होता आणि त्याला घडवण्यात मायदेशी परतलेल्या बोझिकचाही वाटा होता. तो वाटा वगळून सांगितलेली पुश्काशची कारकीर्द मला अर्धीच वाटते.