फुकटची दवंडी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडते. शब्द दिसला की त्याचं मूळ खणायचं. ‘जाहिरात’ या शब्दाचं मूळ अरबीत आहे; जाहीर म्हणजे उघड, डोळ्यांना दिसणारं. आता जो धंदा मुळातच झाकणाखालचा, त्याची जाहिरात करायची कशी? हा पेच माझा नव्हे, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा.

एम. ए.ला तो माझ्याच वर्गात होता. पुढं चार वर्षं त्यानं तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि पुढल्या वर्षी बोलावतील की नाही ते देव जाणे! शेवटी थोरल्या भावाबरोबर त्यानं पाण्याच्या टाक्या धुण्याचा धंदा काढला. जोराचा फवारा मारणारं एक यंत्र, गाळ ओढणारा पंप, दोन जोड गमबूट. जाहिरातीला पैसा नव्हता. मोबाइल तेवढा होता.

सुरुवातीला त्यानं सगळे करतात तेच केलं. सिडको, हडको, गारखेड्यातल्या व्हॉट्सॲप समूहांवर सकाळी सुविचार, खाली सवलत आणि फोन नंबर. दोन समूहांनी त्याला बाहेर काढलं. फेसबुकवर पान उघडलं, तर ते पाहायला मावसभाऊ आणि मामेबहिणी! धंद्याच्या मजकुरापेक्षा आप्तमित्रांचा मजकूर पुढं ठेवू, असं त्या कंपनीनं 2018च्या जानेवारीतच सांगून टाकलं होतं. चावडीवर फुकट उभं राहता येतं, पण दवंडी किती घरांत ऐकू जावी हे चावडीचा मालक ठरवतो.

मग त्यानं एका टाकीचं धुण्यापूर्वीचं चित्र टाकलं. चार बोटं गाळ, वर शेवाळ. ते मात्र भराभर फिरलं. लोक विचारू लागले, टाकी कुणाची? संध्याकाळी घरमालकाचा संतापलेला फोन आला, चित्र उतरवावं लागलं. मला विचाराल तर घरमालकाचंच बरोबर. पाहुण्याला आपण दिवाणखाना दाखवतो, गच्चीवरची टाकी नव्हे.

खरी अडचण वेगळीच होती. ही गोष्ट 2022च्या उन्हाळ्यातली. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. मलिक अंबरनं सतराव्या शतकात नहरीनं पाणी खेळवलेल्या या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, मोर्चे निघत होते. अशा वेळी टाकी धुवा म्हणजे भरलेलं पाणी ओता! कोणती गृहिणी ऐकेल? मीही ऐकलं नसतं. रात्री दोनला उठून मी पाणी भरलेलं आहे.

हे त्याच्याच ध्यानात आलं. पाळीच्या आदल्या दिवशी टाकी आपोआप तळाला जाते. त्यानं सुविचार आणि सवलत टाकून दिली, आणि ज्या भागाची पाळी असेल तिथं एवढंच लिहिलं: ‘उद्या पाणी. आज टाकी रिकामी असेल. भरण्यापूर्वी दोन तास द्या.’ मजकूर मला दाखवायला आणला होता. मी फक्त एक शब्द कापला, ‘माफक’. पाळीची बातमी प्रत्येक घराला हवीच असते, त्यामुळं बायकाच तो मजकूर जावेला, नणंदेला पाठवू लागल्या. ज्यानं समूहातून काढलं होतं तो गृहस्थ फोन करून विचारू लागला, “आमची पाळी कधी हो?”

धंदा वाढला, तसा भाऊ म्हणाला, “तू बोलका आहेस, चलच्चित्रात तूच उभा राहा.” आणि इथं तो अडला. त्याच्या लग्नाचं चाललं होतं. ‘मुलगा प्राध्यापक’ असंच आई सांगत होती. शिवाय त्याचे विद्यार्थी पाहणार!

“मॅडम, काय करू?”

माझ्या जिभेवर गाडगेबाबांचं नाव आलं होतं. गावात शिरताच आधी खराटा, कीर्तन संध्याकाळी. बाबांना दवंडी लागली नाही. पण कायम नोकरीतल्या बाईनं हे उदाहरण द्यावं, हे मला शोभेना. 2000-01पासून सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, आपणही टाळ्या वाजवल्या. आपल्या मुलाच्या हाती मात्र खराटा आपल्याला चालत नाही. मी चहा टाकला, आणि “तुझं तू ठरव,” एवढंच म्हणाले.

दसऱ्याला मोबाइलवर तो दिसला. रिकाम्या टाकीत उभा, डोक्याला दिवा, कोपऱ्यातला गाळ आधी का खरवडायचा ते समजावून सांगत होता. वर्गातल्यासारखं, सावकाश. खाली पहिलीच ओळ एका विद्यार्थिनीची: ‘सर, आमच्याकडे कधी येता?’

त्या ‘सर’वर तो दिवसभर खूष होता. आईला अजून सांगितलेलं नाही. तिचा मोबाइल जुना, बटणांचा आहे.