कुलचा ते धम्मचक्र : परभणीने पाहिलेले ध्वज

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात १७ सप्टेंबरला सकाळी जा. ग्रामपंचायत, शाळा, तहसील कचेरी, सगळीकडे झेंडावंदन असते. पंधरा ऑगस्ट होऊन महिना झाला, मग पुन्हा झेंडावंदन कशाचे, असे मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात. आपल्या घरातली मुलेही विचारतात. ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. पण मुक्ती कोणापासून? त्याआधी कचेरीवर कोणता झेंडा होता? आणि त्या झेंड्याखाली आपले आजे-पणजे कसे जगत होते? हे सांगितल्याशिवाय ते झेंडावंदन आपल्या मुलांना कळणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे इंग्रजांचा नव्हे, निजामाचा मुलूख. पहिला निजाम मीर कमरुद्दीन याने १७२४ साली दख्खनमध्ये आपली सत्ता उभी केली. सातवा आणि शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. संस्थानाचे नाणे वेगळे, त्याला हाली सिक्का म्हणत. रेल्वे निजामाची, कचेरीची भाषा उर्दू, आणि झेंडाही निजामाचा. त्याला आसफजाही झेंडा म्हणत.

हा झेंडा पिवळ्या रंगाचा. मधोमध पांढरा गोल. हा गोल म्हणजे चंद्र किंवा सूर्य असेल असे वाटते, पण तसे नाही. तो आहे कुलचा, म्हणजे भाकरीसारखी एक रोटी! त्यामागची दंतकथा अशी : दख्खनमध्ये येण्यापूर्वी मीर कमरुद्दीन सूफी संत हजरत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्या भेटीस गेला. संतांनी त्याला पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे खायला दिले. भुकेल्या कमरुद्दीनने सात कुलचे खाल्ले. तेव्हा संत म्हणाले, तुझे घराणे सात पिढ्या राज्य करील. म्हणून झेंड्याचा रंग त्या कापडाचा पिवळा, आणि त्यावर चिन्ह त्या कुलच्याचे. शेवटच्या निजामाच्या काळातील झेंड्यावर, मोठेपण ईश्वराचे आहे अशा अर्थाची अरबी अक्षरेही होती. राज्य सातव्या पिढीलाच संपले, त्यामुळे ही कथा अजून मराठवाड्यात रंगवून सांगितली जाते.

कथा खरी की खोटी हा प्रश्न सोडून देऊ. झेंडा काय बोलत होता ते पाहू. हे राज्य एका घराण्याला आशीर्वादाने मिळालेले आहे, एवढेच तो झेंडा सांगत होता. त्यात रयतेचे नाव कुठे नव्हते. आणि दैवाची थट्टा अशी, की राजाच्या झेंड्यावर भाकर होती, पण आपल्या पूर्वजांच्या घरात ती नव्हती. येसकराची पाळी आली की हातात काठी घेऊन दारोदार भाकरी मागायची. पाटील-देशमुखाच्या वाड्यावर वेठ करायची. मेलेले ढोर ओढायचे. सरकारी माणूस गावात आला की त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत डोक्यावर न्यायचे. झेंडा निजामाचा होता, पण गावातली जातीची सत्ता होती तशीच होती.

पाथरी तालुक्यातल्या नव्वदीच्या एका आजींना आम्ही मुद्दाम विचारले, “आजी, निजामाचा झेंडा कसा होता हो?” आजी हसल्या. म्हणाल्या, “पिवळा व्हता का हिरवा, आम्हाला काय ठावं? मान वर करून बघायची कुणाची टाप व्हती?” झेंड्यांच्या इतिहासाची पुस्तके एका बाजूला आणि आजींचे हे वाक्य एका बाजूला. आपल्या लोकांचा खरा इतिहास आजींनी सांगितला.

मान वर करायला बाबासाहेबांनी शिकवले. त्यांनी ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूर येथे परिषद घेतली. भाऊसाहेब मोरे यांनी त्या परिषदेसाठी जिवाचे रान केले. पुढे फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि निळा झेंडा आपल्या वस्त्यांत आला. हा झेंडा कोणा राजाचा नव्हता, आशीर्वादाने आलेला नव्हता. तो आपल्या माणसांनी वर्गणी काढून, रात्री शिवून, बांबूला लावून उभा केला. निळ्या आभाळाखाली सगळे सारखे, एवढा साधा अर्थ आपल्या अडाणी मायबापांना कोणी न शिकवता समजला.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. परभणी मात्र झाली नाही. निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला. संस्थानात तिरंगा फडकवणे हा गुन्हा ठरला. स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. त्या वेळी आपल्या समाजातही दोन मते होती. बी. शामसुंदर यांच्यासारखे काही पुढारी निजामाच्या बाजूने होते. सवर्णांच्या जाचापेक्षा निजाम बरा, असे म्हणणारे लोक होते, आणि त्यांचा अनुभव पाहता ते का म्हणत होते हे समजण्यासारखे आहे. पण बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून स्पष्ट बजावले, की हैदराबादच्या दलितांनी कोणत्याही परिस्थितीत निजामाची आणि इत्तेहादुल मुसलमीनची बाजू घेऊ नये. पिवळ्या झेंड्याखाली आपले भविष्य नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तेरा महिने उशिरा परभणीच्या कचेरीवर तिरंगा चढला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. त्या दिवसांत मराठवाड्यात अनेक ठिकाणी रझाकारांशी संबंध नसलेल्या निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याचा अहवाल दिला होता. झेंडा बदलला म्हणजे माणसाचे मन बदलते असे नाही. हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर याच परभणी-नांदेड भागात आपल्या वस्त्या पेटल्या, तेव्हा कचेऱ्यांवर तिरंगाच होता.

मग तिरंगा आणि पिवळा झेंडा यांत फरक काय? फरक आहे, आणि तो मधल्या चिन्हात आहे.

राष्ट्रध्वज ठरवण्यासाठी घटना समितीने जून १९४७ मध्ये एक छोटी समिती नेमली. डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष आणि सभासदांत मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी यांच्याबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. काँग्रेसच्या झेंड्यावरचा चरखा जाऊन तिथे अशोकाचे चक्र आले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने तो ध्वज स्वीकारला. ठरावात स्पष्ट लिहिले आहे, की हे चक्र सारनाथच्या सिंहस्तंभावरचे आहे. सारनाथ म्हणजे जिथे भगवान बुद्धांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला, धम्मचक्र गतिमान केले, ती भूमी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती खूण, सम्राट अशोकाने दगडात कोरली आणि ती स्वतंत्र भारताच्या ध्वजावर निळ्या रंगात आली. पुढे बाबासाहेबांनी बौद्ध धम्मासाठी केलेल्या कामांची नोंद करताना या अशोकचक्राचा उल्लेख केलेला आहे.

चक्राला चोवीस आरे आहेत. आपले भंतेजी प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या सुलट आणि बारा उलट असा त्यांचा अर्थ सांगतात. सरकारी ठरावात हा अर्थ दिलेला नाही, तो आपल्या श्रद्धेचा आणि अभ्यासाचा अर्थ आहे. पण एक अर्थ सगळ्यांना मान्य व्हावा : चक्र फिरते. ते एका घराण्याचे नाही. ते नीतीचे आणि कायद्याचे चक्र आहे, आणि कायद्यापुढे पाटील आणि येसकर सारखे आहेत.

राष्ट्रध्वज तयार कुठे होतो, हे आपल्या पोरांना माहीत नसते. तो आपल्या शेजारीच होतो. मागे आम्ही मंडळाच्या चार तरुणांना घेऊन त्यासाठीच नांदेडला गेलो. परभणीहून सकाळची गाडी धरली. पिंगळी, मिरखेल, पूर्णा अशी स्थानके मागे पडत होती. कापसाची, सोयाबीनची काळी राने आणि मधूनमधून दिसणारे गावांचे झेंडे. पोरांनी खिडकीतून झेंडे मोजायचा खेळ काढला. शाळेवर तिरंगा नव्हता, कारण तो दिवस सणाचा नव्हता. पण बौद्धवाड्यांवर निळा झेंडा आणि विहारावर पंचरंगी ध्वज जवळजवळ प्रत्येक गावात दिसला. पूर्णा आले तशी संख्या वाढली. पूर्णा रेल्वेचे जुने जंक्शन. रेल्वेत खलाशी, गँगमन म्हणून लागलेल्या आपल्या माणसांनी तिथे चळवळ वाढवली, मुले शिकवली.

नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. खादीचे कापड उदगीरकडे विणले जाते. आपण समजतो की तीन पट्टे जोडले की झाला झेंडा. तसे नसते. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोनच पाहिजे. मोठ्यात मोठा ध्वज एकवीस फूट बाय चौदा फूट, लहानात लहान सहा इंच बाय चार इंच. रंगाची छटा ठरलेली. आणि सर्वांत अवघड म्हणजे चक्र. ते दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजे आणि दोन्हीकडे अगदी नेमके जुळले पाहिजे. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, “काका, चक्र एका बाजूनं दिसून चालत नाही, म्हणजे कायदाही एका बाजूनं दिसून चालायचा नाही.” आम्ही त्याची पाठ थोपटली.

त्या मुलाचे बोलणे परभणीने पुढे आपल्या डोळ्यांनी पाहिले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळील बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांतून धरपकड. १५ डिसेंबरला कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यांच्या माऊलीने कोर्टाची पायरी चढली. २०२५ साली औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. निजामाच्या झेंड्याखाली अशा आईला दाद मागायला कोणता दरवाजा होता? आज दरवाजा आहे. तो आपोआप उघडत नाही, रेटावा लागतो. पण आहे, आणि तो संविधानाने दिला आहे. कागदावरचे संविधान आणि कापडावरचे चक्र ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. एकाचा अपमान आणि दुसऱ्याला सलाम, असे चालणार नाही.

आता पंचरंगी ध्वजाविषयी दोन शब्द. हा बौद्ध ध्वज श्रीलंकेत १८८५ साली वैशाख पौर्णिमेला प्रथम उभारला गेला आणि आज तो जगभरच्या बौद्धांचा ध्वज आहे. निळा रंग मैत्री-करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा, लाल धम्माच्या आचरणातून येणाऱ्या कल्याणाचा, पांढरा शुद्धतेचा, केशरी प्रज्ञेचा. सहावा पट्टा सगळ्या रंगांचा मिळून. पाहा, पिवळा रंग इथेही आहे. निजामाच्या झेंड्यावर तो राजाच्या शिदोरीच्या फडक्याचा होता, इथे तो मध्यम मार्गाचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला. अवघ्या अठरा दिवसांत आपल्या माणसांचा जुना धर्मही सुटला आणि जुने राज्यही सुटले.

शेवटी घरातल्यांसाठी काही गोष्टी. २००२ पासून सामान्य नागरिकाला वर्षातल्या कोणत्याही दिवशी आपल्या घरावर राष्ट्रध्वज लावता येतो. लावायचा तर फाटका, मळका लावू नका. एकाच काठीवर तिरंग्याबरोबर दुसरा कोणताही झेंडा, अगदी निळा किंवा पंचरंगीसुद्धा, लावू नका. ध्वज जीर्ण झाला तर रस्त्यावर, उकिरड्यावर टाकू नका, खासगीत आदराने जाळून त्याचा निरोप घ्या. पंधरा ऑगस्टनंतर रस्त्यात पडलेले छोटे झेंडे मुलांना वेचायला लावा. विहारावरचा ध्वज उन्हाने विटला असेल तर वैशाख पौर्णिमेची वाट न पाहता बदला. माता-भगिनींनी हे काम मनावर घेतले तर ते नक्की होते.

आणि येत्या १७ सप्टेंबरला मुलांना घेऊन शाळेत, ग्रामपंचायतीत झेंडावंदनाला जा. मागे उभे राहू नका, पुढे उभे राहा. मुलांना सांगा, की या जागी पूर्वी एका राजाच्या भाकरीचा झेंडा होता आणि आपल्या आजीला तो पाहायची टाप नव्हती. आज तिथे बुद्धांचे चक्र आहे. मान वर करून पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!