गुरूपेक्षा वयाने मोठा झालेला शिष्य

ऑगस्टात यवतमाळ जिल्ह्यात दुःखाला फुरसत नसते. पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आलेली असते, तासांत तण माजलेलं असतं. घरातलं माणूस गेलं तरी तेरवी उरकली की डवऱ्यामागे कुणाला तरी उभं राहावंच लागतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचं नाव देशभर झालं. पण दुसऱ्याच दिवशी गोठ्यात बैलांसमोर कडबा टाकणारे हात इथल्याच माणसांनी पाहिले आहेत. रडणं कामात मुरवायची इथली जुनी रीत आहे.

याच महिन्यात, १ तारखेला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी असते आणि २९ तारखेला लोकनायक बापूजी अणे यांची जयंती. माधव श्रीहरी अणे १८८० साली वणीत जन्मले. आज वणीच्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक धावतात आणि पावसाळी चिखलसुद्धा काळा असतो. पोळ्याच्या दिवशी मात्र गाव पुन्हा शेतकऱ्यांचं होतं. अण्यांच्या घरी संस्कृत परंपरेनेच आलेलं होतं. यवतमाळात वकिली करताना ते टिळकांच्या राजकारणात ओढले गेले आणि होमरूलच्या दिवसांत त्यांचे वऱ्हाडातले खंदे सहकारी झाले.

१९२० साली टिळक गेले तेव्हा अणे चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे गांधीयुग आलं. गुरूच्या प्रतियोगी सहकाराच्या, म्हणजे सरकार जेवढं सहकार्य करेल तेवढंच आपणही करायचं या भूमिकेला अणे धरून राहिले. केळकर आणि जयकरांबरोबर त्यांनी त्यासाठी वेगळा पक्षही काढला. पण १९३० च्या जुलैत पुसदकडच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडायला हेच अणे पुढे झाले आणि तुरुंगात गेले. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींचं उपोषण सुरू असताना त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. मला यात विसंगती दिसत नाही. आपल्या बुद्धीला पटेल तेवढं आणि तेव्हाच, हा कणा त्यांनी टिळकांकडूनच घेतला होता.

बिहारचं राज्यपालपद झालं, आणखी मानसन्मान झाले. चौसष्टाव्या वर्षी गेलेल्या गुरूपेक्षा शिष्य आता वयाने मोठा झाला होता. गुरूची आठवण काढताना ती आपल्याहून लहान माणसाची आठवण आहे, हे केवढं विलक्षण आहे! ज्याच्यासमोर आपण तरुण होतो, त्याच्याकडे म्हातारपणी वत्सल नजरेनंही पाहता येत असेल का? अण्यांनी भाषणं पुष्कळ केली होती. एखादा गौरवलेख लिहून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे महाकाव्य लिहायला घेतलं, तेही संस्कृतात. हजारो श्लोक, छापल्यावर तीन खंड. वाचणारे थोडेच असणार, हे त्यांच्यासारख्या जाणत्याला ठाऊक नसेल असं नाही. तरी प्रकृती खालावलेल्या वयात एकेक श्लोक रचत ते गुरूचं आयुष्य पुन्हा चालत राहिले. निंदण करणाऱ्या बाया तासामागून तास सरकतात, तसे. शोक इतकी वर्षं जपून त्याचं असं काम करणारा दुसरा शिष्य मला माहीत नाही.

२६ जानेवारी १९६८ ला अणे गेले. ग्रंथ त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला आणि १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा तो घ्यायला कवी नव्हता.

आज वणीतल्या महाविद्यालयाला लोकमान्य टिळकांचं नाव आहे आणि यवतमाळच्या महिला महाविद्यालयाला बापूजी अण्यांचं. दोन नावं एकाच जिल्ह्यात अशी शेजारी नांदतात, पण त्यांना जोडणारा ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी हातात घेतला आहे? दोन्हीकडच्या प्राध्यापकांना आणि जिल्ह्यातल्या वाचनालयांना माझी विनंती आहे: येत्या १ ऑगस्टला हारतुऱ्यांबरोबर या काव्यातले थोडे श्लोक मोठ्याने वाचा, आणि त्यांचा अर्थ मुलांना मराठीत सांगा.