चिकलठाणा ते शमशाबाद
फजरनंतर फोन आला: हैदराबादला खालाजानचा इंतकाल झाला, दफन अस्रनंतर. अजंता एक्सप्रेस रात्रीची, म्हणून आम्ही दोघा भावांनी विमान धरले. हवाई अंतर सुमारे 430 किलोमीटर, उड्डाण सव्वा तासाचे. वर्गात आम्ही वेग, अंतर, वेळेची गणिते घालतो. काउंटर तासभर आधी बंद होतो, हे त्यात नसते. 2008 पर्यंत विमान बेगमपेटला, शहरातच उतरायचे. आता शमशाबादहून जुन्या शहरापर्यंत वीसेक किलोमीटर टॅक्सी, त्यात गर्दी. 1956 पर्यंत औरंगाबाद-हैदराबाद एकाच राज्यात. आमच्यासारख्या कितीतरी घरांची नाती अजून तशीच दोन्हीकडे पसरलेली. जनाज्याची नमाज चुकली. कब्रस्तानात पोहोचलो तेव्हा लोक माती देत होते. तीन-तीन मुठी आमच्याही पडल्या.