स्कायलाइनचा भाव काय, दादा?

तुम्ही कधी 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' खेळला असाल, तर पुढचं सगळं तुम्हाला अर्ध्या वाक्यात कळेल. नसाल, तर थोडक्यात सांगते. २००३ मध्ये आलेला गेम. रात्रीचं शहर, ओले चकचकीत रस्ते आणि त्यावरून सुसाट जाणारी निसान स्कायलाइन जीटी-आर. डोंबिवलीत काकांच्या घरी माझा चुलत भाऊ तो खेळायचा आणि मी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून 'दादा, नायट्रस मार ना!' म्हणून बोंबलायचे. मी तेव्हा शाळेत नुकती जायला लागले होते. दादा इंजिनिअरिंगला. त्याला सबमिशनपेक्षा स्पॉयलर कुठला लावायचा याचं टेन्शन जास्त.

दादा आता सिएटलला आहे, चाळिशी ओलांडलीय आणि त्याच्या गॅरेजमध्ये खरीखुरी स्कायलाइन उभी आहे. गेममधली आर३४ नव्हे, तिची थोरली बहीण आर३२, १९९० ची. २०१६ मध्ये त्याने ती चांगल्याशा नव्या सेदानच्या पैशात घेतली. घरात रामायण झालं. 'पंचवीस वर्षांचं भंगार' हे काकांचे शब्द. आज त्या भंगाराला दुप्पट-तिप्पट भाव सहज मिळेल आणि काका सोसायटीत ही गोष्ट स्वतःच्याच दूरदृष्टीसारखी सांगतात.

जुन्या स्पोर्ट्‌स कार इतक्या महाग का होतात, याचं एक उत्तर सगळ्यांना पाठ असतं: कमी बनल्या म्हणून. खरं आहे, पण अर्धंच. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते ६४ मध्ये फक्त ३६ बनल्या. अमेरिकेत तेव्हा किंमत साधारण १८ हजार डॉलर. २०१८ मध्ये त्यातली एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, २०२३ मध्ये दुसरी ५ कोटी १७ लाखांना. मर्सिडीजच्या ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे तर दोनच. त्यातली एक २०२२ मध्ये स्टुटगार्टला १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. हे आकडे वाचून मला काहीच होत नाही. ते आपल्या ईएमआयच्या पलीकडच्या ग्रहावरचे आहेत.

दादाच्या गाडीचा फंडा वेगळा. आर३२ जीटी-आर चाळीस हजारांहून जास्त बनल्या. दुर्मिळ कसली? तिची किंमत वाढवली ती आधी एका कायद्याने. निसानने ही गाडी अमेरिकेत अधिकृतपणे कधी विकलीच नाही. आणि १९८८ च्या तिथल्या कायद्यामुळे, स्थानिक सेफ्टीच्या नियमांप्रमाणे न बनलेली परदेशी गाडी पंचवीस वर्षांची होईपर्यंत आणणं सामान्य माणसाला जवळपास अशक्य. पंचविशी पूर्ण झाली की हे नियम तिला लागू होत नाहीत. आर३२ आली १९८९ ला, म्हणून दार उघडलं २०१४ ला. आर३४ ची पाळी आली २०२४ मध्ये. मधल्या काळात जपानमधल्या विक्रेत्यांनी कॅलेंडर बघून भाव चढवले. जी आर३४ जपानमध्ये नवी असताना ५० लाख येनच्या आसपास मिळायची, ती आज एक लाख डॉलरच्याही बरीच वर गेलीय. वाईट वाटतं ते तिथल्या पोरांचं. त्यांच्याच गल्लीतली गाडी, आणि त्यांनाच परवडत नाही.

पण कायद्याने नुसतं दार उघडलं. आत घुसायला गर्दी का? कारण १९९७ चा 'ग्रान टुरिस्मो', २००१ नंतरचे 'फास्ट अँड फ्युरिअस', आणि ते बघणारी, खेळणारी पोरं आता चाळिशीची आहेत. त्यांच्या हातात पहिल्यांदाच जास्तीचा पैसा आहे. पॉल वॉकरने २००९ च्या सिनेमात चालवलेली निळी आर३४ २०२३ मध्ये १३ लाख ५७ हजार डॉलरला गेली. इंजिनाला कोणी एवढे देत नाही, बॉस. हा सोळाव्या वर्षाचा भाव आहे.

यात गुंतवणूकवाले घुसले की मात्र वांदे होतात. २००८ च्या मंदीनंतर व्याजदर तळाला गेले, तेव्हा श्रीमंतांचा पैसा चित्रांत, वाइनमध्ये आणि गाड्यांतही गेला. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले आणि फेरारींचे भाव वेड्यासारखे वाढले. दोन-तीन वर्षांत जपानचा बुडबुडा फुटला आणि तितक्याच जोरात आपटलेही. कर्ज काढून घेणारे रडत बसले.

दादाचं रडणं वेगळंच आहे. गाडीची किंमत वाढली तशी त्याने ती चालवणं कमी केलं. कारण हिशेब सरळ आहे. कमी चाललेली, मूळ इंजिन, मूळ रंग, तिला जास्त भाव. विम्याच्या पॉलिसीतही रोजच्या ऑफिसला नेऊ नका अशी अट. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर त्याने मला गाडी दाखवली. कव्हर काढलं, इंजिन चालू केलं, दहा मिनिटं नुसतं गुरगुरू दिलं आणि बंद करून परत कव्हर घातलं. ऑफिसला तो टोयोटाने जातो. मला ते बघून कसंतरीच झालं. गेममध्ये हाच माणूस गाडी भिंतींवर घासत न्यायचा.

वहिनीचं म्हणणं, विकून टाक. मुलीच्या कॉलेजची सोय होईल. तिचं चूक नाही. आज जे हिला मागतात ते साठीला आले की पुढच्यांना हीच गाडी हवी असेल, याची गॅरंटी कोण देणार? त्यांच्या लेकीला तर गाडीपेक्षा गाडीत गाणी कोण लावणार यात रस. मी मात्र दादाला सांगितलं, विक किंवा चालव, पण लॉकरमधल्या दागिन्यासारखी ठेवू नकोस. एफडी काढायची होती तर टर्बो कशाला घेतलास?

उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी ओडोमीटरचा फोटो आला, एकशे चाळीस किलोमीटर वाढलेले. दोघं पावसात समुद्रापर्यंत जाऊन आले म्हणे. विकायची का ते अजून ठरत नाहीये. गाडी जपानी, म्हणजे आपल्यासारखं स्टीअरिंग उजवीकडे, आणि तिकडे ड्राइव्ह-थ्रूची खिडकी येते डावीकडे. त्यामुळे कॉफी घ्यायचं आणि पैसे द्यायचं काम वहिनीकडे. दोन्ही वेळा तिनेच दिले, आणि ते हिशेबात धरायचे असं तिने बजावलंय.