भिंतीवरील खुणा



५ फेब्रुवारीस ख्रिस्तसभा संत आगाथेचा सण पाळते. तिसऱ्या शतकात सिसिली बेटावर रक्तसाक्षी झालेल्या या कुमारिकेचे स्तन छळ करणाऱ्यांनी कापले, असे परंपरा सांगते. म्हणून स्तनांच्या विकारांत भाविक तिचा धावा करतात. हा शब्द या पानावर पाहून कित्येकांच्या भुवया उंचावतील. आम्हीही तो उच्चारण्यास संकोचत होतो, आणि त्या संकोचाची किंमत आमच्याच घराने मोजली.

आमचे वडील बंधू बुऱ्हाणपुरास असतात. घरीच त्यांचे दोन यंत्रमाग होते. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात वहिनींचा फोन आला, "फादर भाऊजी, अंगात एक गाठ आहे. दुखत नाही. प्रार्थना करा." गाठ कोठे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. गुरुविद्यालयात आम्ही लॅटिन शिकलो. भावजयीस असा प्रश्न विचारावयास शिकलो नाही. नोव्हेना करा, एवढे सांगून फोन ठेवला. डॉक्टरांकडे जा, हे सांगावयाचे राहिले. चार महिने गेले.

ओळखले ते आईने. वहिनींचा हात वारंवार काखेकडे जातो, हे तिच्या ध्यानात आले आणि तिने सरळ विचारले. त्याच रात्री तिने बंधूंना उठविले, "उद्या माग बंद ठेव. हिला दवाखान्यात ने." आरंभी ही गाठ बहुधा दुखत नाही, हीच तिची लबाडी.

बंधूंनी त्यांना मुंबईस, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेले. १९४१ पासून हे रुग्णालय कर्करोग्यांची सेवा करीत आहे. उतरण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. शस्त्रक्रिया झाली, मग दर तीन आठवड्यांनी शिरेवाटे औषध, त्यानंतर किरणोपचार. केस गेले तेव्हा वहिनी आरशाकडे पाठ करून बसत. आईचे गुडघे दुखत, म्हणून बंधू भाकरी थापावयास शिकले. पहिल्या भाकऱ्यांविषयी न लिहिलेले बरे. एक माग त्यांनी विकला होता. वहिनींस कळू द्यावयाचे नाही, असे ठरले होते. परंतु मुंबईहून परतताच उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी विचारले, "एकाच मागाचा आवाज का येतो?" कोणी उत्तर दिले नाही.

त्याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. ज्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले, त्यांपैकी पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी आढळले. महागडे यंत्र नव्हते, शिकलेली बोटे होती. आता आम्ही महिला मंडळात हे उघड सांगतो. प्रथम सांगितले तेव्हा कान तापले होते.

शस्त्रक्रियेनंतर वहिनींचा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटे चालवीत हात वर न्यावयाचा, असा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. आमचा पुतण्या रोज शाळेतून येऊन, बोटे जेथे पोचतील तेथे पेन्सिलीने रेघ मारी व तारीख लिही. काही दिवस रेघ खालीच राही. त्या दिवशी तो मुकाट्याने अभ्यासास बसे. हळूहळू रेघा वर सरकल्या आणि एके दिवशी पुतण्यास पाटावर चढावे लागले.

गेल्या नाताळास वहिनी स्वतः बोलावावयास आल्या होत्या. घरास रंग दिला होता. स्वयंपाकघरातील ती एक भिंत मात्र जुनीच होती. रंगाऱ्यास आईने तिला हात लावू दिला नव्हता.